टॅडपोल की डेल्टा: तंबू घेऊन पावागडला

बडोद्याच्या दांडिया बाजारातून पावागडचा पायथा साधारण ५० किलोमीटर. डांबरी रस्ता, सोबत तंबू आणि बाबांचे सत्तरीतले गुडघे, एवढं धरून रेलून चालवायची तीनचाकी, म्हणजे रिकंबंट ट्राइक, निवडायची आहे.

टॅडपोलला पुढे दोन चाकं, मागे एक. ब्रेक दाबला की भार पुढच्या दोन चाकांवर येतो, आणि वळणावरही ती जमीन धरून राहते. सामानाच्या पिशव्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, जितक्या खाली तितक्या बऱ्या. पण बैठक इतकी बुटकी की उठताना बाबांना हात द्यावा लागतो, आणि मला तेच खटकतं.

डेल्टाला पुढे एक, मागे दोन. बैठक बहुधा उंच, बसणं-उठणं सोपं. वेगात वळलात तर मात्र आतलं चाक उचललं जाऊ शकतं.

माझ्यासाठी टॅडपोल, बाबांसाठी डेल्टाच. पावागडच्या पायथ्याचं, २००४ साली जागतिक वारसा ठरलेलं चांपानेर त्यांना पुन्हा निवांत बघायचंय. उंच काठीवरचा झेंडा दोन्ही गाड्यांना हवाच, ट्रकवाल्याला इतकं खालचं दिसत नाही.