फोमचा किल्ला: किती राबायचं?

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला पोडियमच्या फरशीवर होतो. घोडबंदर रोडवरच्या नर्सरीतून मातीच्या गोण्या आणायच्या आणि भाऊबीज उलटली की तो चिखल उचलणार कोण, यावरून कमिटीशी हुज्जत घालायची. शेवटी मुलांच्या खेळायच्या मॅट येतात ना, त्या ईव्हीए फोमवर आलो. थर्माकोलचा विचारच नव्हता. सजावटीसाठी त्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, शिवाय चपला चिकटवायचं सोल्युशन लागलं की तो विरघळतो. ईव्हीएला त्या सोल्युशनने काही होत नाही. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं आणि एकदाच नेमकं दाबायचं. नंतर सरकवता येत नाही.

पहिल्या वर्षी राजगड केला आणि तटाचा एकेक चिरा कोरला. कटरने उथळ रेघ मारून वरून गरम हवा फेकणारी हीट गन फिरवली की रेघ आपसूक उघडते, चिरा उठून दिसतो. फूटभर तट होईपर्यंत भारी मजा येते, पुढे मनगट बोलायला लागतं. संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी, म्हणजे काम दुप्पट. पाच संध्याकाळी गेल्या.

दुसऱ्या वर्षी ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा फोमवर दाबत गेलो. खडबडीत दगड तयार. वर काळपट राखाडी रंग, तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरट हात. सगळा तट एका संध्याकाळीत उरकला. तीन फुटांवरून, तेही रात्रीच्या दिव्यांत, दोन्ही वर्षांच्या भिंती शेजारी ठेवल्या तरी फरक कळत नाही. मी ठेवून पाहिल्यात.

महादरवाजा आणि समोरचा एक बुरूज मात्र कोरूनच करा. लोक वाकून तिथेच बघतात, फोटोही तिथलेच निघतात. मागचा तट कोरणं ही हौस, आणि हौसेला माझी ना नाही.

रंगाच्या आधी फोमवर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे हात देणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत तो वाळता वाळत नाही. पहिल्या वर्षी मी ते टाळलं. पोरांचे हात लागतील तिथला रंग सोलून निघाला. किल्ला चार दिवसांचाच असेल तर खुशाल टाळा. पुढच्या वर्षी तेच तुकडे दिवाणाखालून काढायचे असतील, तर आधी हीट गनने पृष्ठभाग बंद करून घ्या आणि निदान दोन हात द्याच. हीट गन आणि सोल्युशन, दोन्ही कामं खिडक्या उघड्या ठेवून.

मातीची सर फोमला दोन ठिकाणी येत नाही. एक, पणती. फोम पेटतो, म्हणून तटावर सेलचे दिवे. खऱ्या पणत्या चांगल्या हातभर लांब, फरशीवर. दुसरं, हिरवळ. लाकडाचा भुसा रंगवून पाहिला. आमच्या आईने एकदा बघितलं आणि काही न बोलता आत गेली. आता गडाच्या पायथ्याशी चार ट्रेमध्ये माती असते. कोरण्यात वाचलेल्या वेळातला अर्धा तास तिथे जातो. अळीव तेवढा वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेरा.