हलका टॉवर, मोठी यागी: तारा बांधायच्या की अँटेना लहान करायची?

"अँटेना जेमतेम पंचवीस किलोची, टॉवर सहज पेलेल." हौशी (हॅम) रेडिओसाठी टॉवरवर यागी, म्हणजे एका दिशेला झोत टाकणारी आडव्या नळ्यांची अँटेना, चढवताना या हिशेबात भलेभले फसतात. वजन सरळ खाली उतरतं, त्याची फारशी चिंता नाही. वारा मात्र आडवा रेटतो. ताशी 100 किमीच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 48 किलो, 150 किमीला 108. एक चौरस मीटरच्या अँटेनाला बसणारा हा 108 किलोचा रेटा 15 मीटर उंचीवर लागला की पायथ्याशी 1,600 किलो-मीटरचा उलटवणारा जोर येतो. टॉवरला स्वतःला लागणारा वारा यात धरलेलाच नाही.

बिनतारांच्या, म्हणजे ताणाच्या तारांशिवाय उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये हा सगळा जोर पायाला सोसावा लागतो. टॉवर हलका म्हणून काँक्रीट कमी चालत नाही. फायदा एकच, पण मोठा: जागा कमी लागते. तारांच्या टॉवरला (या ताणाच्या तारांना गाय वायर म्हणतात, गोठ्याशी संबंध नाही) उंचीच्या सुमारे 80 टक्के अंतरावर खुंट लागतात, म्हणजे 15 मीटरला तीन दिशांना 12-12 मीटर. तेवढं अंगण असेल तर मोठ्या यागीसाठी मी तारांचाच टॉवर घेईन. बिनतारांच्या टॉवरला मागाहून तारा बांधणं सोपं वाटतं, पण ताणलेली तार टॉवरला खालीही दाबते. पाय तो दाब घेतील का, हे आधी बघावं लागतं.

जागा नसेल तर अँटेना लहान करा. 20 मीटर बँडच्या (सुमारे 20 मीटर तरंगलांबीच्या) पूर्ण मापाच्या यागीचे एलिमेंट, म्हणजे आडव्या नळ्या, दहाएक मीटर लांब. वाऱ्यात बूम (त्या नळ्या धरणारी मधली दांडी) टॉवरला पिळतो आणि रोटेटरचे (अँटेना फिरवणाऱ्या मोटरचे) दात त्याची किंमत मोजतात. हेक्सबीम (षटकोनी चौकटीवर तारा ताणलेली लहान अँटेना) दहा-बारा किलोचा, साडेसहा मीटर व्यासाचा. तीन एलिमेंटच्या यागीपेक्षा जोर एखाद-दोन डीबी (डेसिबल) कमी, आणि एस-मीटरची (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्याची) एक पायरीच 6 डीबीची! उंची सोडू नका: याच बँडवर 10 मीटर उंचीला मुख्य झोत क्षितिजापासून सुमारे 30 अंशांवर जातो, 20 मीटरला 14 वर; झोत जितका खाली, तितका तो लांब पोचतो. लांबच्या स्टेशनसाठी खालच्या मोठ्या यागीपेक्षा उंचावरचा हेक्सबीम मला बरा वाटतो.

खाली-वर होणारा टॉवर वादळात उतरवता येतो, पण त्या वेळी घरी कोणी असेल तरच.

टॉवर किती क्षेत्रफळाची अँटेना पेलतो, हे विकणाऱ्याला विचाराल तेव्हा दोन गोष्टी सोबत विचारा: ते किती वेगाच्या वाऱ्यासाठी आहे, आणि अँटेना टॉवरच्या माथ्याला लागून धरलीय की मास्टवर (माथ्यातून वर निघालेल्या नळीवर) दोन मीटर वर?