ब्लॅडर कॅन्सरचं जीन एक्स्प्रेशन: नॉर्मल टीसीजीएचं घ्यावं की जीटेक्सचं?

ट्यूमरमध्ये कुठले जीन किती चालू आहेत (जीन एक्स्प्रेशन) हे नॉर्मल टिश्यूशी ताडून बघायचं, तर डेटा दोन सार्वजनिक प्रोजेक्टमधून येतो: टीसीजीए, म्हणजे कॅन्सर पेशंटच्या टिश्यूचा, आणि जीटेक्स, म्हणजे बहुतेक मृत दात्यांच्या नॉर्मल टिश्यूचा. ट्यूमरची काळजी नाही, टीसीजीएत ४०० च्या वर सँपल आहेत, सगळे तेच घेतात. गाडी अडते नॉर्मलवर. टीसीजीएमध्ये ट्यूमरशेजारचं नॉर्मल १९ जणांचं, जीटेक्सच्या आठव्या आवृत्तीत (व्ही८) ब्लॅडरची २१ सँपल, म्हणजे दोन्हीकडे दुष्काळच.

मी दोन्ही वापरलंय. जीटेक्स आधी जास्त पटतं, कारण शेजारचा टिश्यू दिसायला ठीक असला तरी आतून बदललेला असू शकतो, ब्लॅडरच्या सगळ्या अस्तराला तीच कार्सिनोजेन्स (कॅन्सर घडवणारी द्रव्यं) लागत आलेली असतात ना. मुद्दा खरा आहे.

पण मला वैताग आणला पीसीएने, म्हणजे हजारो जीनमधला फरक मोजक्या अक्षांवर आणून कुठली सँपल एकत्र जमतात ते दाखवणाऱ्या पद्धतीने; पीसी१ हा त्यातला सगळ्यात मोठ्या फरकाचा अक्ष. ट्यूमर सगळे एका प्रोजेक्टचे, नॉर्मल सगळे दुसऱ्याचे, त्यामुळे पीसी१ वर सरळ दोन ढीग पडतात आणि ते कॅन्सरमुळे पडले, का लॅब-किट वेगळं म्हणून, का माणूस गेल्यावर टिश्यू काढेपर्यंत वेळ गेला म्हणून, हे कळायला काही सोयच नाही. बॅच करेक्शन कर म्हणतात, म्हणजे लॅब-किटमुळे आलेला फरक गणिताने काढून टाक, पण जिथे बॅच बदलते तिथेच कॅन्सर बदलतो, मग कॉम्बॅट (त्यासाठीचं नेहमीचं साधन) तरी काय वेगळं काढणार, बॅचबरोबर कॅन्सरही पुसला जातो. दोन्हीचे रीड्स (सिक्वेन्सिंगमधून वाचलेले तुकडे) एकाच पाइपलाइनने काढलेले मिळतात, त्याने अलाइनमेंटचा, म्हणजे ते तुकडे जीनोमवर जुळवण्यातला, फरक मिटतो, टिश्यू गोळा करण्यातला नाही. हजारो जीन सिग्निफिकंट आले आणि एकाबद्दलही छातीठोक बोलता येईना! आणि गंमत म्हणजे दोन प्रोजेक्ट जोडायला दुवा हवा तर शेवटी टीसीजीएचे ते १९च लागतात.

मग थेट तेच का नको? त्याच पेशंटचा ट्यूमर असतो, मॉडेलमध्ये पेशंट आयडी टाकला की वय, लिंग, सिगारेट बऱ्यापैकी बाजूला पडतं. माझी यादी बरीच लहान झाली, पण पटण्यासारखी.

एक खोड मात्र दोन्हीकडे आहे. डेस्मिन, एमवायएच११ हे स्नायूतले जीन ट्यूमरमध्ये जोरात खाली दिसतात, लोक लगेच ट्यूमर सप्रेसर (कॅन्सर रोखणारे जीन) म्हणून मोकळे होतात, पण बऱ्याचदा नॉर्मलच्या तुकड्यात स्नायू जास्त आलेला असतो, बाकी काही नाही. आधी युरोप्लाकिन, म्हणजे अस्तरात चालणारे यूपीके२ वगैरे जीन, बघून घ्या, अस्तर आलंय की नुसता स्नायू त्याचा अंदाज येतो.

तुमचा प्रश्न वेगळा असेल, समजा निरोगी ब्लॅडरमध्ये हा जीन असतो का एवढंच बघायचंय, तर जीटेक्सच बरं. आणि काम सुरुवातीच्या स्टेजवर असेल तर आधी ट्यूमरचाच डेटा दुसरा शोधा, टीसीजीएचे ट्यूमर जवळपास सगळे स्नायूत घुसलेले आहेत.