पुटीची रजिस्ट्री का ओपनएसएसएचच्या फाइली? सेटिंग आणि कीज कुठे ठेवायच्या

लॅपटॉप फॉरमॅट करायच्या आधी मी सगळं घेतलं होतं, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, अगदी डाउनलोड्समधला कचरासुद्धा. नवीन विंडोजवर पुटी (दूरच्या सर्व्हरला एसएसएचने, म्हणजे सुरक्षित कनेक्शनने, जोडून देणारा प्रोग्राम) उघडली तर सेशनच्या, म्हणजे सेव्ह केलेल्या सर्व्हरच्या, यादीत एकच ओळ, डिफॉल्ट सेटिंग्ज. चाळीसेक सर्व्हर गेले. चूक माझीच, कारण विंडोजवर पुटी ही यादी फाइलीत ठेवतच नाही, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात ठेवते, करंट युजरच्या सॉफ्टवेअरखाली सायमनटॅथम नावाची फांदी आहे त्यात.

बॅकअप घ्यायला तशी अडचण काहीच नाही, रजिस्ट्री एडिटर उघडून ती फांदी एक्स्पोर्ट करायची, नवीन मशीनवर त्या फाइलवर डबल क्लिक केलं की सेशन आणि ओळखीच्या सर्व्हरच्या होस्ट कीज (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीज) दोन्ही परत येतात. पण तुमची स्वतःची प्रायव्हेट की, म्हणजे पासवर्डऐवजी लॉगिन करायची गुप्त फाइल, त्यात नसते! ही की असलेली पीपीके फाइल जिथे ठेवली असेल तिथेच पडून असते आणि सेशनमध्ये फक्त तिचा पत्ता असतो, त्यामुळे नवीन मशीनवर युजरनेम वेगळं असेल तर की कॉपी करूनसुद्धा पुटी जुन्याच फोल्डरमध्ये शोधत बसते आणि तुम्ही सर्व्हरला शिव्या घालता.

ओपनएसएसएच, म्हणजे हेच काम कमांड लाइनवरून करणारा प्रोग्राम, आता विंडोज १० पासून विंडोजमध्येच मिळतं, वेगळं डाउनलोड करायला लागत नाही. त्याचा सगळा संसार होम फोल्डरमधल्या डॉट एसएसएच नावाच्या फोल्डरमध्ये, कॉन्फिग (सेटिंग), नोन होस्ट्स (ओळखीच्या सर्व्हरच्या होस्ट कीज) आणि तुमच्या कीज, सगळ्या साध्या फाइली. मला खरा फरक जाणवला तो कीपअलाइव्हवरून, म्हणजे कनेक्शन तुटू नये म्हणून ठराविक वेळाने पाठवायच्या छोट्या संदेशावरून. कनेक्शन सारखं तुटायला लागलं म्हणून पुटीत डिफॉल्ट सेटिंग्जमध्ये तीस सेकंद टाकले, पण जुन्या सेशनवर ढिम्म परिणाम नाही, कारण प्रत्येक सेव्ह केलेलं सेशन म्हणजे सगळ्या सेटिंगची स्वतंत्र कॉपी. म्हणजे चाळीस वेळा लोड, बदल, परत सेशनच्या पानावर येऊन सेव्ह (आणि सेव्ह न करता ओपन दाबलं की बदल तेवढ्या खिडकीपुरता, यात अजूनही फसतो मी). कॉन्फिग फाइलीत हेच काम एका ओळीचं, सगळ्या होस्टना लागू होणारा एक ब्लॉक लिहायचा आणि झालं. फक्त तो सगळ्यात खाली लिहा, कारण एखादं सेटिंग दोनदा आलं तर आधी सापडलेलं धरलं जातं, उलट केलंत तर एखाद्या सर्व्हरचं खास सेटिंग चालणारच नाही.

रंग, फॉन्ट वगैरे मात्र ओपनएसएसएच बघत नाही, ते टर्मिनलचं काम. प्रॉडक्शनची खिडकी लाल ठेवायची सवय असेल तर पुटीत ते सेशनबरोबरच सेव्ह होतं, हे मला अजून आवडतं.

होस्ट कीच्या बाबतीत दोघंही पहिल्यांदा विचारतात आणि नंतर की बदलली की बोंब मारतात. ओपनएसएसएच नोन होस्ट्समधली नेमकी कितवी ओळ जुळत नाही तेही सांगतं, पुटीत जुनी नोंद बघायची तर रजिस्ट्रीत शिरावं लागतं. म्हणून मशीन बदलताना ही होस्ट कीजची यादी सोबत न्याच, नाहीतर चाळीस सर्व्हरना डोळे झाकून 'अ‍ॅक्सेप्ट' दाबणार, आणि मग त्या तपासणीला अर्थ काय राहिला?

किट्टी म्हणून पुटीचाच एक फाटा आहे, तो पोर्टेबल मोडमध्ये सेशन फोल्डरमध्ये फाइली करून ठेवतो. पेनड्राइव्हवाल्यांना सोयीचा. पण त्यात पासवर्डही सेव्ह करता येतो, तो करू नका.

आता कीज. पासफ्रेज, म्हणजे की फाइलीचा स्वतःचा पासवर्ड, दोन्हीकडे लावता येते आणि लावाच. पीपीकेचा तिसरा फॉरमॅट २०२१ मध्ये पुटी ०.७५ बरोबर आला, त्यात पासफ्रेजसाठी आर्गॉन२ ही मुद्दाम संथ पद्धत आहे, म्हणजे फाइल चोरीला गेली तरी अंदाजाने पासफ्रेज काढणं बरंच महाग पडतं, पण काही जुनी टूल्स हा फॉरमॅट वाचत नाहीत. ओपनएसएसएचला पीपीके चालत नाही, पुटीजेन या पुटीच्या की बनवायच्या टूलमधून एक्स्पोर्ट करून घ्यायची. पेजंट हा पुटीचा एजंट (उघडलेली की लक्षात ठेवून पासफ्रेज परत परत न विचारणारा प्रोग्राम) बंद केला तर की विसरतो, विंडोजचा एसएसएच एजंट मात्र रीस्टार्टनंतरही की लक्षात ठेवतो, म्हणजे कुणाला तुमचं विंडोज लॉगिन मिळालं तर त्याला ती की वापरता येते. सोयीचं आहे, पण ऑफिसच्या उघड्या मशीनवर मी तरी वापरत नाही.

पुटीवाल्यांनी एक तपासून घ्या. ०.६८ ते ०.८० या व्हर्जनमध्ये पी-५२१ वाल्या ईसीडीएसए या प्रकारच्या कीजच्या सह्यांत (लॉगिन करताना की जी डिजिटल सही करते त्यात) दोष होता, साठेक सह्या हाती लागल्या की प्रायव्हेट की काढता येत होती. एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ आली, पण नुसतं अपडेट करून भागत नाही, तसली की जुन्या व्हर्जनमध्ये वापरली असेल तर सर्व्हरवरून काढा आणि नवीन बनवा. ईडी२५५१९ या दुसऱ्या प्रकारच्या कीवाल्यांना काही झालेलं नाही.

मग घ्यायचं काय? एकच विंडोज मशीन, सात-आठ सर्व्हर, असं असेल तर पुटीच ठेवा आणि महिन्यातून एकदा रजिस्ट्री एक्स्पोर्ट करा. दोन मशीन झाली किंवा त्यात एखादं लिनक्सचं आलं की सरळ ओपनएसएसएच. कॉन्फिग फाइल मी गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) ठेवतो, कीज नाही, प्रत्येक मशीनची की वेगळी, मशीन हरवलं की तेवढीच सर्व्हरवरून उडवायची.

आणि दुसऱ्याच्या मशीनवर पुटी वापरली असेल तर नुसती एक्सई डिलीट करून उठू नका, रजिस्ट्रीत तुमची सर्व्हरची यादी तशीच राहते. आधी ती एक्सई क्लीनअप ऑप्शन देऊन चालवा, म्हणजे यादी पुसली जाते, मग एक्सई डिलीट करा.