पुलमन की सिअॅटल? ‘मागे राहिलेल्या’ कॉलेजात मुलीला पाठवावं का

“अगं, ते तर सगळ्यांनी टाकून दिलेलं कॉलेज आहे म्हणतात. तिथे कशाला पाठवायची पोरीला?”

नाशिकहून ताईचा फोन आला तो या प्रश्नानंच. भाची टेनिस खेळते. अमेरिकेत दोन ठिकाणी तिचं बोलणं चालू आहे. एक सिअॅटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, दुसरी त्याच राज्याच्या पार पूर्व टोकाला, पुलमन नावाच्या छोट्या गावातली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी. ताईनं आणि भाऊजींनी नेटवर पॅक-12 फुटल्याच्या बातम्या वाचल्या आणि दोघं घाबरले. मी सिअॅटलजवळ बेलव्ह्यूला राहते, दोन्ही गावं पाहिलेली आहेत. ताईला तीन रात्री फोनवर जे सांगितलं, ते इतर आईवडिलांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे मांडते आहे.

आधी फुटलं काय ते. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना पश्चिम विभाग, दक्षिण विभाग असतात, तसे इथे कॉलेजांचे गट असतात. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. फरक असा की या गटांना टीव्हीवाले पैसे देतात, आणि तो पैसा बहुतांश अमेरिकन फुटबॉलसाठी येतो. टेनिस, पोहणं, धावणं हे सगळं त्याच पैशावर चालतं. पश्चिम किनाऱ्याचा गट 1915 मध्ये पोर्टलंडला चार कॉलेजांनी मिळून सुरू केला. ओरेगन स्टेट त्या चारांतलं एक. वॉशिंग्टन स्टेट दोनच वर्षांत आत आलं. मधे मोडतोड झाली, नावं बदलली, आणि 2011 पासून त्याला पॅक-12 म्हणू लागले.

30 जून 2022 ला लॉस एंजेलिसच्या दोन मोठ्या कॉलेजांनी, यूएससी आणि यूसीएलए यांनी, बिग टेन गटात जात असल्याचं जाहीर केलं. बिग टेननं त्याच ऑगस्टमध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरांहून मोठा टीव्ही करार केला. इकडे पॅक-12 ला टीव्हीवाला मिळेना. पुढच्या जुलैत कोलोरॅडो गेलं. 4 ऑगस्ट 2023 च्या शुक्रवारी एका दिवसात पाच कॉलेजं गेली: सिअॅटलचं वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनमध्ये, अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि यूटा बिग 12 या आणखी एका गटात. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीनं पूर्व किनाऱ्याच्या एसीसी गटाचा रस्ता धरला. उरली दोन, पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट.

ताई, ही दोन का उरली ते नीट बघ, असं मी तिला सांगितलं. शिकवणं वाईट म्हणून उरली नाहीत. खेळात मार खात होती म्हणूनही नाही. दोन्ही मुळात शेतकी कॉलेजं, आपल्या राहुरीसारखी, आणि दोन्ही लहान गावांत. टीव्ही बघणारी घरं सिअॅटलमध्ये आहेत, पुलमनच्या गव्हाच्या टेकड्यांवर नाहीत. हिशोब तेवढाच झाला. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं, कारण शंभर वर्षांहून जुने शेजारी होते हे.

दोघांनी मात्र हातपाय गाळले नाहीत. पुलमनपासून पंचवीसेक किलोमीटरवर कोलफॅक्स म्हणून तालुक्याच्या गावाएवढं गाव आहे. तिथल्या कोर्टात त्यांनी दावा लावला की जे सोडून चाललेत त्यांना गटाच्या तिजोरीवर मत देण्याचा हक्क नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हात घालायला नकार दिला, आणि शेवटी तडजोड होऊन जाणाऱ्या दहा कॉलेजांनी मिळून साधारण साडेसहा कोटी डॉलर मागे सोडले. दोन वर्षं दोघंच पॅक-12 म्हणून राहिले, बहुतेक लहान खेळ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळले. आणि नवा गट जमवला: बोइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, यूटा स्टेट, टेक्सास स्टेट, शिवाय फुटबॉल न खेळणारं गोन्झागा. या नव्या पॅक-12 ची सुरुवात 1 जुलै 2026 ची.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघू.

प्रवास

माझ्या मते टेनिस खेळणाऱ्या मुलीसाठी सगळ्यात मोठा मुद्दा हाच, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. बिग टेनमध्ये आता 18 कॉलेजं आहेत. त्यातली पश्चिम किनाऱ्यावर फक्त चार. उरलेली चौदा नेब्रास्कापासून थेट न्यू जर्सी आणि मेरीलँडपर्यंत. सिअॅटलहून न्यू जर्सीच्या रटगर्सला जायचं म्हणजे एका बाजूनं जवळपास 3,900 किलोमीटर. नाशिकहून गुवाहाटीला जाऊन परत यावं एवढं अंतर, आणि ते फक्त जाण्याचं. घड्याळ तीन तास पुढे. तिकडे सकाळी दहाला मॅच असेल तर मुलीच्या शरीराला सकाळचे सात वाजलेले असतात. एका फेरीत जवळजवळची दोन कॉलेजं उरकायचा प्रयत्न सगळे करतात, पण त्यासाठी गुरुवार-शुक्रवारची लेक्चर्स बुडतात. फुटबॉलची टीम असा लांबचा दौरा वर्षातून मोजक्या वेळा करते, चार्टर विमानानं. टेनिसचा सीझन वसंतात सलग चालतो, आणि लहान टीमच्या नशिबी बरेचदा साधं विमान आणि मधे बदली असते.

पुलमनचा प्रवास सोपा आहे असं मी म्हणणार नाही. गावचा विमानतळ लहान, मोठा विमानतळ स्पोकेनला, सव्वाशे किलोमीटर लांब. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ. पण गोन्झागा स्पोकेनमध्येच आहे, म्हणजे ती मॅच बसनं जाऊन-येऊन एका दिवसात होते. बोइसीलाही बसनं जाता येतं. बाकीची बहुतेक ठिकाणं याच वेळेची किंवा एका तासाच्या फरकाची. टेक्सास तेवढं लांब पडतं. चार वर्षांची बेरीज केली तर पुलमनची मुलगी वर्गात जास्त दिवस बसलेली असेल, यात मला शंका नाही.

पैसा, आणि खेळ टिकेल का

इथे भाऊजींची भीती खोटी नाही. पॅक-12 च्या शेवटच्या वर्षांत प्रत्येक कॉलेजला वर्षाला साधारण साडेतीन कोटी डॉलर मिळत होते. वॉशिंग्टन स्टेटच्या खिशातला तो आधार गेला. त्याची झळ कुठे लागली ते सांगते. 1978 मध्ये याच पुलमनचा विद्यार्थी, केनियाचा हेन्री रोनो, यानं 81 दिवसांत चार विश्वविक्रम मोडले होते. 3,000 मीटर, स्टीपलचेस, 5,000 आणि 10,000. असा वारसा असलेल्या कॉलेजानं जून 2025 मध्ये अॅथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले, स्प्रिंट कमी केल्या आणि फक्त लांब पल्ल्यावर भर द्यायचं ठरवलं. भालाफेक करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ‘तुझा प्रकार आता इथे नाही’ हे ऐकावं लागलं. ताईला हे सांगताना मला जड गेलं, पण लपवणं बरोबर नव्हतं.

दुसरी बाजू अशी की श्रीमंत कॉलेजातही लहान खेळ सुरक्षित असतो असं नाही. स्टॅनफर्डनं जुलै 2020 मध्ये एकदम 11 खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं. माजी खेळाडूंनी रान उठवलं, तेव्हा पुढच्या मे महिन्यात निर्णय मागे घेतला. सिअॅटलचंही बिग टेनमधलं ताट पूर्ण भरलेलं नाही. वॉशिंग्टन आणि ओरेगन आत गेले ते जुन्या सभासदांच्या जवळपास निम्म्या वाट्यावर. त्यात जून 2025 मध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या एका वेगळ्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. तो पैसा बहुतांशी फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि बिग टेनमध्ये टिकायचं तर तो द्यावाच लागतो.

आपल्या मुलींसाठी त्यात आणखी एक गाठ आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर काम करून कमावण्याला कडक बंधनं आहेत, त्यामुळे या पैशावर आपण डोळा ठेवूच नये. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे स्कॉलरशिप. ती तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत आता स्कॉलरशिपची संख्या बांधलेली नाही, टीमचा आकार बांधलेला आहे. टेनिसला दहा जणी. दहाही जणींना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, पण द्यायलाच हवी असं नाही. म्हणून ‘फुल’ हा शब्द फोनवर ऐकून समाधान मानू नका. किती टक्के, किती वर्षांसाठी, आणि राहणं-जेवण-पुस्तकं धरून की फक्त फी, हे कागदावर मागा.

खेळाचा दर्जा

हा मुद्दा लवकर संपतो. प्रोफेशनल व्हायचं असेल तर सिअॅटल. यूसीएलए, यूएससी, मिशिगन, ओहायो स्टेट अशा टीमांशी दर वसंतात गाठ पडते, आणि खेळ तिथेच घासून निघतो. आपले प्रोफेशनल झालेले खेळाडू बघा. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला होता, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून 2007 आणि 2008 असा दोनदा एनसीएए, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचा, विजेता झाला. सगळी तगड्या गटांतली कॉलेजं. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये निदान पेपरडाइनसारखी महिला टेनिसमधली भारी टीम होती. नव्या पॅक-12 मध्ये ती नाही.

पण ‘मागे राहिलेले’ म्हणजे हरलेले, हे डोक्यातून काढून टाका. सप्टेंबर 2024 मध्ये अॅपल कपच्या, म्हणजे या दोघांतल्या दरवर्षीच्या, फुटबॉल सामन्यात पुलमनवाल्यांनी सिअॅटलमध्ये येऊन वॉशिंग्टनला 24-19 हरवलं. पुढच्या वर्षी मात्र घरच्या मैदानावर 59-24 असा जबर मार खाल्ला, तेही खरंच. ओरेगन स्टेटची बेसबॉल टीम 2025 मध्ये कुठल्याच गटात नव्हती, सगळे सामने स्वतः जुळवून खेळली, आणि तरी ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, गेली.

कोच जातील का, असंही ताईनं विचारलं. जातात, दोन्हीकडून. फुटबॉलमध्ये वॉशिंग्टन जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना खेळलं, आणि त्याच आठवड्यात कोच अलाबामाला गेला. वॉशिंग्टन स्टेटचा कोच त्याच वर्षाच्या अखेरीस वेक फॉरेस्टला गेला. फक्त कोचवर भाळून कॉलेज निवडू नका.

शिक्षण आणि गाव

युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचं नाव मोठं, त्याबद्दल वाद नाही. कम्प्युटर सायन्स करायचं आणि प्रवेश मिळत असेल तर पुढे वाचूही नका, सिअॅटल घ्या. पण तो प्रवेश थेट मिळणं फार कठीण असतं, आणि टेनिसचा कोच तो मिळवून देईल असं गृहीत धरू नका.

आमच्या भाचीची गोष्ट वेगळी आहे. घरची द्राक्षबाग, तिला फळशास्त्रात खरोखर रस. वॉशिंग्टन स्टेटनं कॉस्मिक क्रिस्प हे सफरचंद तयार केलं. 1997 मध्ये पहिला संकर, 2019 मध्ये बाजारात, म्हणजे बावीस वर्षांचं काम. द्राक्ष आणि वाइनचा वेगळा अभ्यासक्रमही आहे. टेनिस चार वर्षांचं, बाग जन्माची, हे भाऊजी स्वतःच म्हणाले.

आणि गाव. मी पुलमनला पहिल्यांदा गेले तेव्हा कॉलेजच्या स्वतःच्या क्रीमरीतून चीजचा डबा घेतला. कूगर गोल्ड म्हणतात त्याला. आपल्याकडे तुपाचा असतो तसा पत्र्याचा गोल डबा, पाऊण किलोच्या वर चीज, आत ते मुरत राहतं. सिअॅटलमध्ये ऑफिसात एकाच्या टेबलावर तसाच डबा दिसला आणि दोन अनोळखी माणसं अर्धा तास गप्पा मारत बसलो. 2003 पासून त्यांचा एक झेंडाही देशभर फिरतो. ईएसपीएनचा शनिवारचा फुटबॉलचा कार्यक्रम ज्या गावी असेल तिथे वॉशिंग्टन स्टेटचा कुणीतरी माजी विद्यार्थी तो झेंडा घेऊन मागे उभा असतो, मग सामना कुणाचाही असो. वारीतली पताका एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते तशी. गट फुटला, झेंडा थांबला नाही. लांबून आलेल्या एकट्या मुलीला अशा गावात कुणी विसरत नाही. सिअॅटलमध्ये मी वीस मिनिटांवर आहे, आणि तरीही ती तिथे जास्त एकटी पडेल असं मला वाटतं.

ओरेगन की ओरेगन स्टेट असा प्रश्न असेल तर गणित थोडं बदलतं. ओरेगनचं यूजीन आणि ओरेगन स्टेटचं कॉर्व्हॅलिस यांच्यात जेमतेम 70 किलोमीटर, दोन्ही लहान शहरं, त्यामुळे गावाचा फरक उरत नाही. टेनिस तर ओरेगन स्टेटमध्ये नाहीच. धावणारी मुलं यूजीनला जातील, हेवर्ड फील्ड या अॅथलेटिक्सच्या मैदानासाठी. बेसबॉलसाठी मी डोळे मिटून कॉर्व्हॅलिस सांगेन.

ताईला मी पुलमन सांगितलं. दोन अटींवर. स्कॉलरशिप चारही वर्षांची लेखी हवी. आणि टेनिस बंद झालंच तर ती स्कॉलरशिप पदवीपर्यंत चालू राहील का, याचं उत्तर कोचकडून नव्हे, अॅथलेटिक्स विभागाकडून ईमेलवर हवं. ते उत्तर गुळमुळीत आलं तर सिअॅटल, प्रवासासकट.

कॉलेजच्या खर्चानं होणारी अधिकृत भेट मिळाली तर सप्टेंबरमध्ये जाऊ नका. तेव्हा पुलमन सोनेरी दिसतं आणि कुणालाही आवडतं. फेब्रुवारीत जा. साडेपाचलाच अंधार पडतो, टेकड्या पांढऱ्या असतात, कोर्ट छताखालचं असतं. तेव्हा भाचीला तिथे दोन दिवस राहू दे, टीममधल्या मुलींबरोबर जेवू दे, आणि रात्री फोनवर तिचा आवाज कसा येतो ते ऐक, असं ताईला सांगून ठेवलं आहे. ज्वारीचं पीठ मी बेलव्ह्यूहून पाठवीन.