सेंट फॅगन्सला गेलात तर लाल घरापाशी थांबू नका

कार्डिफच्या पश्चिमेला सेंट फॅगन्सचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. वेल्समधल्या चाळीसहून जास्त जुन्या इमारती दगडन्‌दगड सुट्या करून इथे आणल्या आणि पुन्हा उभारल्या. कल्पना स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या स्कान्सेन या अशाच संग्रहालयाची, ती इथे रुजवली वेल्सच्या लोकजीवनाचे अभ्यासक इओर्वर्थ पीट यांनी. १९४८ साली संग्रहालय उघडलं. प्रवेश फुकट आहे, गाडी लावायचे मात्र पैसे पडतात.

मी जन्मभर साइटवर उभं राहून इमारती बांधून घेतल्या. त्यामुळे लेकीकडे आल्यावर किल्ले-राजवाडे बाजूला ठेवून शेतकऱ्यांची घरं बघायचा हट्ट धरला. ती म्हणाली, "बाबा, मग एकदम लाल घरच बघू."

लाल घर म्हणजे केनिक्स्टन. गाउअर द्वीपकल्पातलं, १६१० सालचं, पुढे दोनदा वाढवलेलं. गवताने शाकारलेलं छप्पर, भिंती बाहेरून लालभडक. हा रंग भुताखेतांना दूर ठेवतो अशी समजूत होती. त्याच कामासाठी दाराशी कोरलेल्या आकृत्या आणि बागेत तांबड्या फळांचं रोवन झाड. चुलीशेजारी कपाटासारखा बंद होणारा पलंग आहे, तो मला फार आवडला. थंडीच्या मुलखात याहून शहाणपणाचं फर्निचर नाही. घर देखणं आहे, यात वाद नाही. पण सगळे इथेच फोटो काढतात आणि दमून चहाकडे वळतात.

तुम्ही तिथून पुढे हेंद्रेर-अविद इखावपर्यंत चाला. नाव उच्चारायच्या भानगडीत पडू नका, नकाशावर बोट ठेवा. डेन्बीशरमधून आणलेलं हे घर; लाकडातल्या वाढीच्या कड्या मोजून त्याचं साल १५०८ ठरवलंय. बाहेरून काहीच रुबाब नाही. आत जाऊन मान वर करा. मुळातच वाकडं वाढलेलं ओकचं खोड घ्यायचं, उभं चिरायचं, दोन्ही फाका समोरासमोर उभ्या करून वर जुळवायच्या. अशा जोड्या ओळीने उभ्या केल्या की त्यांच्यावर आढं आणि वासे. छपराचं सगळं ओझं या फाकांवरून थेट खाली उतरतं, भिंतीवर जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून तर भिंत निव्वळ आडोसा: लाकडी चौकटीत काटक्या विणून वर मातीचा लेप. आपल्या कोकणातला कूडच! फ्रेम आधी, भिंत नंतर, हे आम्ही आरसीसीच्या साइटवर नव्या पोरांना शिकवायचो. इथल्या सुतारांना ते पाचशे वर्षांपूर्वी पाठ होतं.

चूल जमिनीवर, खोलीच्या मधोमध. धुराडं नाही. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज. धूर वाट मिळेल तिथून जाणार. एका टोकाला जनावरं, दुसऱ्या टोकाला माणसं. बरोबरची मंडळी "ई, अंधार" म्हणत दोन मिनिटांत बाहेर पडली. मी मात्र लाकडांचे सांधे बघत रेंगाळलो.

याच जातीचं, पण दगडी भिंतींचं, क्लायरवेन खोऱ्यातलं किलेवेंट. मूळ १४७० च्या सुमाराचं, आजचं रूप बरंचसं १७३४ चं. लांबच लांब घर, घर आणि गोठा एका छपराखाली, आणि शिरायची वाटही एकच. गायीगुरांच्या अंगची ऊब फुकट मिळायची. वास? तोही फुकटच.

'अ गारेग वाउर' हे १५४४ चं, उत्तर वेल्सच्या डोंगरातलं. जाड दगडी भिंती, स्लेटचं छप्पर, वर मजला. हेंद्रेरनंतर जेमतेम छत्तीस वर्षांत बांधलेलं, पण बघताना वाटतं मध्ये शतक गेलं असेल. खरं कारण पैसा आणि हाताशी मिळणारा दगड. दोन्ही एका दिवशी बघितली तरच हे डोक्यात शिरतं.

चालणं बरंच आहे आणि जुन्या घरांच्या जमिनी उंचसखल, तेव्हा बूट चांगले घाला. गुडघे कुरकुरत असतील तर आधी हेंद्रेर करा, लाल घर परतताना. छोटी टॉर्च खिशात असू द्या, आढ्याखालचे सांधे तिच्याशिवाय दिसत नाहीत. आणि पावसाचा दिवस असला तरी बेत रद्द करू नका. शाकारलेलं छप्पर पाणी कसं ओघळवतं ते त्याच दिवशी दिसतं.