उच्च क्षेत्राच्या चुंबकासाठी रेबको फीत घ्यावी की बिस्मथ-२२१२ तार?

सुमारे २५ टेस्लाच्या पलीकडचे अतिवाहक चुंबक उभारायचे ठरले, की निओबियम-टायटॅनियम आणि निओबियम-टिन या जुन्या, भरवशाच्या तारा एकट्याने पुरत नाहीत आणि आतल्या वेटोळ्यासाठी ताम्र-ऑक्साइड कुळातला उच्च-तापमान अतिवाहक घ्यावाच लागतो. त्यातले दोन मुख्य पर्याय म्हणजे रेबको आणि बिस्मथ-२२१२. इथे क्रांतिक तापमानांची, म्हणजे ज्याखाली पदार्थ अतिवाहक होतो त्या तापमानांची, तुलना करण्याचा मोह होतो: रेबकोचे सुमारे ९२ केल्विन, बिस्मथ-२२१२ चे ८५ ते ९०. परंतु अशी वेटोळी ४.२ केल्विनच्या द्रव हेलियमात किंवा फार तर २० केल्विनच्या आसपास चालवली जातात, त्यामुळे या आकड्यांवरून निर्णय घेऊ नये. निर्णय ठरतो तो वाहकाच्या घडणीवरून.

रेबको म्हणजे यिट्रियमसारखे दुर्मिळ मृदा मूलद्रव्य, बेरियम आणि तांबे यांचे ऑक्साइड. यात शेजारच्या दोन स्फटिककणांच्या दिशा काही अंशांनी जरी चुकल्या, तरी कणसीमेवरून जाणारा प्रवाह झपाट्याने घटतो. म्हणूनच त्याची साधी तार ओढून भागत नाही. हॅस्टेलॉयसारख्या मिश्रधातूच्या पट्टीवर दिशाबद्ध मध्यस्थर चढवून त्यावर एक-दोन मायक्रॉन जाडीचा अतिवाहक थर स्फटिकरचना जुळवत वाढवावा लागतो आणि वर चांदी व तांबे द्यावे लागते. चुंबकासाठी घेतलेली फीत म्हणजे एका अर्थी शेकडो मीटर लांबीचा पातळ थरच होय. तिचा मोठा लाभ असा की हॅस्टेलॉयमुळे ती लांबीच्या दिशेने प्रचंड ताण सोसते आणि गुंडाळल्यावर भाजण्याची गरज नसते. अमेरिकेतील टॅलाहासी येथील राष्ट्रीय उच्च चुंबकीय क्षेत्र प्रयोगशाळेने २०१७ मध्ये गाठलेल्या ३२ टेस्लांपैकी १७ टेस्ला रेबकोच्या आतल्या वेटोळ्यांनी दिले.

उणिवाही याच रचनेतून येतात. फितीला काटकोनात ओढणारा थोडासा ताणही थर सोलून काढू शकतो, म्हणून वेटोळे इपॉक्सीत बुडवताना फार जपावे लागते. रुंद, सपाट वाहकात आवरण-प्रवाह, म्हणजे बदलत्या क्षेत्राला विरोध करत फितीतच फिरणारे प्रवाह, निर्माण होतात. ते क्षेत्राची समरूपता बिघडवतात आणि फितीवर अनपेक्षित बल आणतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३१.१ टेस्लांच्या रोधक (अतिवाहक नसलेल्या, साध्या धातूच्या) चुंबकात बसवून एकूण ४५.५ टेस्ला गाठणाऱ्या छोट्या वेटोळ्याच्या फितींना अशाच प्रवाहांमुळे इजा झाल्याचे आढळले. मला हा प्रयोग त्यातील विक्रमापेक्षा या धड्यासाठी अधिक मोलाचा वाटतो.

बिस्मथ-२२१२, म्हणजे बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांबे यांचे ऑक्साइड, गोल, बहुतंतू तारेच्या रूपात मिळते. तिला पीळ देता येतो, तिची केबल विणता येते आणि क्षेत्र कोणत्याही बाजूने आले तरी तिचा प्रवाह जवळपास सारखाच राहतो. चुंबकीय अनुनादासारख्या कामांत, जिथे क्षेत्राची समरूपता सर्वांत महत्त्वाची असते, तिथे हा गुण निर्णायक आहे. किंमत मोजावी लागते ती भट्टीत. वेटोळे आधी गुंडाळून मग ऑक्सिजनच्या सान्निध्यात ८९० अंश सेल्सिअसच्या आसपास, अवघ्या काही अंशांच्या मर्यादेत भाजावे लागते. तंतूंमधील बुडबुडे दाबून टाकण्यासाठी सुमारे ५० बार दाब दिला, तर प्रवाह कितीतरी वाढतो, हे २०१४ पर्यंत स्पष्ट झाले. पण मोठ्या वेटोळ्यासाठी तशी दाबभट्टी लागते. शिवाय तंतूंना वेढणारी तारेतली चांदी मऊ असल्याने वेगळे मजबुतीकरण करावे लागते. आपल्याकडे अशी भट्टी नसेल आणि ती वापरू देणारा सहकारी गटही नसेल, तर या तारेचा विचार सोडून द्यावा, असे माझे मत आहे.

कार्यतापमान २० केल्विन ठेवायचे असेल, तर प्रश्न आपोआप सुटतो. चुंबकीय क्षेत्र अतिवाहकात बारीक भोवऱ्यांच्या रूपाने शिरते आणि ते भोवरे सरकू लागले की रोध निर्माण होतो. त्या तापमानाला तीव्र क्षेत्रात बिस्मथ-२२१२ मधील भोवरे जागेवर टिकत नाहीत, रेबकोतले टिकतात. २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये संलयनासाठी तपासलेल्या मोठ्या वेटोळ्याने २० केल्विनला २० टेस्ला गाठले, ते रेबकोवरच. बिस्मथ-२२२३ ची फीत हा तिसरा पर्याय लांब तुकड्यांत मिळतो, मात्र तीही सपाट असल्याने दिशेची अडचण राहतेच.

क्वेंचच्या, म्हणजे वाहकाचा एखादा भाग तापून अचानक अतिवाहकता गमावण्याच्या, बाबतीत दोन्ही वाहक सारखेच अवघड आहेत. तापलेला भाग निओबियमच्या तारेत सेकंदाला काही मीटर वेगाने पसरतो, तर इथे सेंटिमीटरच्या हिशेबाने. व्होल्टेज दिसेपर्यंत तो भाग जळू शकतो. रेबकोत वेढ्यांमधले विद्युतरोधन काढून टाकले, तर प्रवाहाला आडवाट मिळून वेटोळे स्वतःला बरेचसे वाचवते. त्या बदल्यात ते हळू भरते आणि क्वेंचच्या वेळी असमतोल बले सोसावी लागतात.

रेबको निवडली, तर थर कसा बनवला आहे हे विचारावे. स्पंदित लेझरच्या पद्धतीत मूळ पदार्थाची रचना थरात नीट उतरते आणि पुरवठादाराला भोवरे धरून ठेवणाऱ्या नॅनो-अशुद्धी बारकाईने पेरता येतात, पण निर्वात पेटी व लेझर यांचा खर्च मोठा असतो. द्रावण लावून भाजण्याच्या पद्धतीत तो खर्च टळतो, मात्र जाड थर निर्दोष वाढवणे कठीण जाते. बेरियम झिर्कोनेटचे नॅनोस्तंभ ७७ केल्विनला भोवरे उत्तम धरतात, ४.२ ते २० केल्विनला बारीक, विखुरलेल्या दोषांचा वाटा मोठा होतो. म्हणून ७७ केल्विनला, बाह्य क्षेत्राविना मोजलेला क्रांतिक प्रवाह (अतिवाहकता न गमावता वाहणारा कमाल प्रवाह) पाहून फीत विकत घेऊ नये. आपल्या तापमानाला, आपल्या क्षेत्रात आणि सर्वांत प्रतिकूल कोनात मोजलेला आकडा मागावा. तो आकडा पूर्ण लांबीभर किती चढउतार दाखवतो, हेही पाहावे, कारण वेटोळ्याची मर्यादा त्यातला सर्वांत कमकुवत मीटरच ठरवतो.